मोतीचे श्वास मोजा!

दोस्तांनो, घरात घड्याळ आहे? वही-पेन्सिल आहे? आणि दाराशी पाय पसरून झोपलेला एखादा म्हातारा मोती किंवा टॉमी आहे? मग एक महत्त्वाचं काम तुम्हांला जमण्यासारखं आहे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही, तीसपर्यंत आकडे मोजता आले की झालं.

माणसांसारखाच कुत्र्यांनाही हृदयाचा विकार होतो. पॉमेरेनियन, डॅक्सहुंड अशा लहान चणीच्या कुत्र्यांत तो उतारवयात जास्त दिसतो. डॉबरमन, ग्रेट डेन अशा थोराड जातींत हृदयाचा स्नायूच कमजोर होण्याचा आजार आढळतो.

आधी हृदय कसं चालतं ते पाहू. विहिरीवरच्या पंपाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो. तो गळू लागला की चढलेलं पाणी पुन्हा खाली येतं. पंप धडधडत राहतो, पण टाकी काही भरत नाही. हृदयाचंही असंच. त्याला चार कप्पे असतात आणि रक्त उलटं फिरू नये म्हणून मधे झडपा असतात. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप जाड, वेडीवाकडी होते आणि नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे जातं. ही गळती डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ‘फुस्स’ अशी ऐकू येते. तिला मर्मर म्हणतात.

पण मर्मर ऐकू आली म्हणजे कुत्रा लगेच आजारी पडला, असं नाही. कित्येक कुत्रे मर्मर असूनही वर्षानुवर्षं मजेत राहतात. काहींचं हृदय मात्र जादा काम करून मोठं होत जातं. मग एक दिवस मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुप्फुसांत झिरपू लागतं. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होतं, पण याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. ते चालू असतं, फक्त त्याला काम झेपेनासं होतं.

अशा वेळी कुत्रा लवकर दमतो. जिना चढताना थांबतो. रात्री खोकतो. कधी चक्कर येऊन पडतो. ‘वय झालं त्याचं,’ असं म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, आणि नेमकं तिथंच चुकतं! खोकला दुसऱ्या कारणानंही येतो, म्हणून डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात आणि हृदयाची सोनोग्राफी करतात. एक्स-रेमध्ये फुप्फुसांतलं पाणी दिसतं, तर सोनोग्राफीत झडप हलताना दिसते.

आता तुमचं काम. फुप्फुसांत पाणी साठू लागलं की झोपेतही श्वास जलद होतो. पुष्कळदा इतर लक्षणं दिसण्याआधीच हे कळतं. कुत्रा गाढ झोपला की त्याच्या छातीकडे पाहा. छाती वर गेली, खाली आली, की झाला एक श्वास. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. तो स्वप्नात पाय झाडत असेल, नुकताच धावून आला असेल किंवा उकाड्यानं धापा टाकत असेल, तर मोजू नका. निरोगी कुत्र्याचा आकडा झोपेत बहुधा मिनिटाला ३०च्या आत असतो. तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहा. आकडा ३०च्या वर गेला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा. तरीही जास्तच आला, तर आईबाबांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

लवकर कळल्यानं काय होतं? २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३६० कुत्रे होते. सगळ्यांना मर्मर होती, हृदय मोठं झालेलं होतं, पण हार्ट फेल्युअर अजून आलेलं नव्हतं. त्यांतल्या निम्म्यांना पिमोबेंडन नावाचं औषध दिलं. त्या कुत्र्यांत आजार बळावायला सरासरी १५ महिने जास्त लागले. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे केवढा काळ!

हार्ट फेल्युअर झाल्यावर मात्र झडप औषधानं पूर्ववत होत नाही, हे खरं सांगायलाच हवं. पण फुप्फुसांतलं पाणी उतरवणारी आणि हृदयाला जोर देणारी औषधं असतात. ती वेळेवर दिली तर पुष्कळ कुत्रे आणखी काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, आपल्या माणसांत सुखानं राहतात.

घरी एवढं सांभाळा

• गोळ्या रोज ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

• पाणी उतरवणाऱ्या गोळीनं लघवी वारंवार होते. घरात झाली तर रागावू नका. पिण्याचं पाणी कधीही तोडू नका.

• पापड, फरसाण, वेफर्स, लोणचं अजिबात नको. मीठ त्याला बाधतं.

• फिरायला न्या, पण सकाळ-संध्याकाळ, त्याच्या चालीनं. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा.

• माणसांच्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या कधीच देऊ नका. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

• हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, पोट ओढून श्वास घेऊ लागला, आडवं होता येईना, तर वेळ घालवू नका. त्याला जबरदस्तीनं झोपवू नका, पाणी पाजू नका. तडक दवाखाना गाठा.

कुत्र्याला ‘मला दम लागतोय’ असं बोलून सांगता येत नाही. पण त्याची छाती ते सांगत असते. आज रात्री तो झोपला, की घड्याळ घेऊन शेजारी बसा आणि वहीत पहिला आकडा लिहून टाका!