मृगाआधीची जीप

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात जुनी फोर-व्हील जीप अजून कामावर आहे. रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुमशेत, पाचनई या बाजूला शेतमाल, सिमेंटच्या गोण्या, आजारी माणूस आणि भंडारदऱ्याला आलेला पर्यटक, असे सगळेच तिच्यातून जाते. सीजे 500 डी, एमएम 540, एमएम 550 ही महिंद्राची जुनी मॉडेल्स त्यात प्रामुख्याने असतात. त्यांची बनावट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवरून आलेली आहे. शिडीसारखी चॅसी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे आणि जवळपास प्रत्येक भाग पान्याने उघडता येईल असा. घरच्या अंगणात, ताडपत्रीच्या सावलीत तिची देखभाल करता येते ती या बनावटीमुळेच.

एमएम 540 मधले एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन मूळचे फ्रान्समधल्या प्यूजो कंपनीचे. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, यावरून त्याला हे नाव पडले. क्षमता 2112 घनसेंटिमीटर. महिंद्राने परवाना घेऊन हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार केले. कळसूबाईच्या रांगेच्या एका अंगाला अकोले आणि दुसऱ्या अंगाला इगतपुरी, म्हणजे एमएम 540 चे काळीज डोंगराच्या पलीकडेच घडले. त्याचे सुटे भाग अजून मिळतात आणि ते खोलणारे मेस्त्रीही आहेत. जुनी जीप घेताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची धरावी.

या भागात गाडीचा खरा शत्रू खडक नसून पाणी आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. अकोले शहरापर्यंत येता येता तो कित्येक पटींनी कमी होतो. ओढे ओलांडताना, भातखाचरांच्या कडेच्या चिखलातून जाताना चाकांचे हब, अ‍ॅक्सल आणि ब्रेकचे ड्रम तासन्‌तास ओले राहतात. म्हणून वर्षाचे मोठे काम मे महिन्यात, मृग नक्षत्र लागण्याआधी करतात आणि त्याची सुरुवात पुढच्या चाकांपासून होते.

चाक जॅकने उचलले की चॅसीखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचे. खडखड लागली तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा, हे ठरवावे लागते. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून चाक पुन्हा हलवले की उत्तर मिळते. खडखड थांबली तर बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन झिजला आहे. या साध्या तपासणीने विनाकारण खोलाखोली टळते.

बेअरिंगसाठी हबवरचे झाकण काढून दोन नटांमधल्या वॉशरची दुमडलेली कड सरळ करतात. बाहेरचा नट, वॉशर, आतला नट, मग बाहेरचे बेअरिंग असा क्रम. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन वाळवले की त्याचा इतिहास दिसतो. रोलरवर निळसर छटा असेल तर ते तापले आहे. बारीक खड्डे असतील तर पाण्याने खाल्ले आहे. दोन्ही परिस्थितींत ते टाकून द्यायचे. चांगले असेल तर तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत फिरवायची, विरुद्ध कडेतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरवर माखलेले ग्रीस पहिल्याच ओढ्यात निकामी होते. जुने ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय वेगळ्या जातीचे भरू नये आणि ऑइल सील दर वेळी नवे घालावे. बसवताना चाक फिरवत आतला नट जड होईपर्यंत आवळतात, मग फेऱ्याचा सहावा भाग, म्हणजे षट्कोनी नटाचा एक पैलू, मागे घेतात. त्यावर वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड पुन्हा दुमडायची. दहा-पंधरा किलोमीटर चालवून हबला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर नट जास्त आवळला गेला आहे.

अ‍ॅक्सलचे दुखणे याहून लपलेले असते. घाट चढून आलेल्या गाडीचा डिफरन्शियल गरम असतो. तो एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, श्वासनळीच्या (ब्रीदरच्या) छिद्रातून पाणी आत ओढले जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की तेलापेक्षा जड असलेले पाणी तळाला बसते. सकाळी, गाडी हलवण्याआधी, खालचा ड्रेन प्लग थोडा सैल केला तर आधी पाणी टपकते आणि मागून तेल येते. तेल आणि पाणी आधीच घुसळले गेले असेल तर मात्र दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे तेल दिसते. असे तेल एक दिवसही ठेवू नये, कारण गिअरच्या दातांवर ते टिकत नाही.

यावरचा उपाय हाच या भागातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. अ‍ॅक्सलवरचा छोटा ब्रीदर काढून तिथे नळीचा जोड बसवायचा आणि तेलाला टिकणारी रबरी नळी चॅसीच्या कडेने वर, बॉनेटच्या खाली उंचावर नेऊन तोंड खाली वळवून बांधायची. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस अशा तिघांना नळ्या दिल्या की श्वास कोरड्या जागेतून घेतला जातो. अ‍ॅक्सल वर-खाली होतो, म्हणून नळीला ढील ठेवावी लागते. एका दुपारी होणारे हे काम महागड्या विंचपेक्षा गाडीला जास्त वर्षे देते.

इंजिनाच्या बाबतीत दोन गोष्टी घरी यायलाच हव्यात. पहिली, डिझेलमधली हवा काढणे. फिल्टर बदलला किंवा टाकी रिकामी झाली की वाटेत हवा धरते आणि स्टार्टर फिरूनही इंजिन पेट घेत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. फेसाळ डिझेल थांबून एकसंध धार आली की स्क्रू आवळायचा, मग पंपावरचा. तरीही चालू झाले नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट एकेक करून जरासे ढिले करत स्टार्टर मारतात. त्या वेळी हात नळीच्या तोंडापासून दूर ठेवावा. दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरते आणि ती इजा गंभीर असते.

दुसरी गोष्ट हवेच्या वाटेची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्यात सहज बंद पडत नाही. पण एअर क्लीनरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन अचानक थांबले तर पुन्हा स्टार्टर मारणे हीच सर्वांत महागडी चूक. आधी नोझल किंवा हीटर प्लग काढून पाणी बाहेर पडू द्यावे लागते. हवेचे तोंड उंच नेणारा स्नॉर्केल उपयोगी आहे, मात्र त्याचा प्रत्येक सांधा हवाबंद असेल तरच. एका सैल क्लॅम्पने तो निव्वळ शोभेचा राहतो.

ब्रेकवर खर्च करताना हात आखडू नये. जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम असतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून एकच वाट निघते. कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटघर-साम्रदच्या उतारांवर ही जोखीम घेण्यासारखी नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर हा पहिला बदल असायला हवा. पुढच्या डिस्कचा विचार त्यानंतर, आणि तोही मास्टर सिलिंडर व बूस्टर तिला जुळतील अशा मापाचे घेऊनच. ओढा ओलांडल्यावर थोडे अंतर पाय ब्रेकवर हलका ठेवून चालवले की ड्रम वाळतात. आठवड्याला एकदा ड्रम उघडून चिखल झटकला की लायनर टिकतात.

दिव्यांचा प्रकाश मंद असेल तर मोठे बल्ब हे उत्तर नाही. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जाते आणि वाटेतच कमी होते. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, आणि चॅसीला घासून स्वच्छ केलेला अर्थ, एवढ्याने त्याच बल्बचा प्रकाश लक्षणीय वाढतो. पावसाळी धुक्यासाठी दिवे बंपरच्या खालच्या बाजूला लावावेत. वर लावलेल्या दिव्यांचा प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो.

उंची वाढवण्याची हौस मात्र जपून करावी. पाटे वाढवले किंवा लांब शॅकल लावले की प्रोपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो आणि त्याचे क्रॉस लवकर खातात. स्टिअरिंगच्या दांड्याही तिरप्या होतात, मग खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला खेचते. जास्तीच्या पाट्याने ओझे पेलते, पण रिकामी गाडी उडते आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. टायरचेही तसेच. जीपची जुनी 6.00-16 अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतात. अकोल्याच्या पश्चिमेला चिखलाखाली बहुधा मुरूम किंवा कातळ लागतो, म्हणून तिथे अरुंद टायरच सरस ठरते. रुंद आणि उंच टायर दिसायला भारदस्त असते, पण गिअरचे प्रमाण बिघडवते आणि अ‍ॅक्सलवर जास्त ताण आणते.

फोर-व्हीलचा लिव्हर डांबरी रस्त्यावर टाकू नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगाचा फरक सामावणारी सोय नसते. वळणावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. उलट उन्हाळ्यात फोर-व्हील महिनोन्‌महिने न वापरणेही वाईट. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडे अंतर ते चालवले की पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत.

गंज हा वेगळा विषय आहे, पण त्याचे काम सोपे. गाडीच्या तळाच्या पत्र्यातली पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवायची, चॅसीच्या पोकळीतला चिखल पाण्याच्या धारेने काढायचा आणि वाळल्यावर आतून तेल फवारायचे.

फेरबदलांना कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल होईल असे काम करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात तेच ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाईच्या सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या. अकोल्याच्या गाड्या श्रीरामपूरच्या कार्यालयाकडे, एमएच 17 खाली येतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि 20 वर्षांहून जुन्या हलक्या चारचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर पाहिला जातो. वर सांगितलेली देखभाल नीट झाली असेल तर गाडी तिथे अडत नाही.

शेवटचे काम निघालेल्या तेलाचे. एका देखभालीत इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सल मिळून कित्येक लिटर काळे तेल निघते. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. ओढ्याकाठी, खाचरात किंवा रस्त्याकडेला ओतू नये. रतनगडाच्या पायथ्याचे पाणी प्रवरेतून भंडारदऱ्यात जाते आणि खाली अकोले-संगमनेरची शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना त्यावरच अवलंबून आहेत. गाडीही रस्ता सोडून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात घालू नये. तिथे रस्त्याबाहेर वाहन नेणे हा गुन्हा आहे.