काटा चालू, डेटाबेस बदलला!

आजचा विषय नावाला जड आहे, पण शेवगावच्या एखाद्या जिनिंगवर उभं राहून बघितला तर सोपा जाईल.

समजा, दिवाळीनंतरचे दिवस आहेत. काट्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय. वजन झालं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावती येते आणि त्या पावतीवरच पैसे मिळणार आहेत. हे सगळं लिहून ठेवणारा डेटाबेस मात्र जुना झालाय. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षंच दुरुस्त्या मिळतात. १३व्या आवृत्तीच्या नोव्हेंबर २०२५ मध्ये संपल्या. पुढे त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. म्हणजे अपग्रेड तर करायचंय, पण रांग थांबवून नाही.

तर पहिला नियम: चालत्या सर्व्हरचं अपग्रेड करायचंच नाही. शेजारी नव्या आवृत्तीचा दुसरा सर्व्हर उभा करायचा. आता तुम्ही म्हणाल, डेटा कॉपी होईपर्यंत इकडे नव्या पावत्या फाटतच राहणार, त्यांचं काय?

आडत दुकानातली रोजकीर्द आठवा. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणीत. पोस्टग्रेसही तसाच वागतो. प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये टिपतो. जुन्याचा सगळा डेटा एकदा नव्यावर घ्यायचा आणि मग ही रोजकीर्द नव्याला सतत वाचून दाखवायची. याला लॉजिकल रेप्लिकेशन म्हणतात. २०१७ साली आलेल्या १०व्या आवृत्तीपासून ते पोस्टग्रेसमध्येच मिळतं, आणि दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तरी चालतं. फक्त एक आहे, त्यासाठीची सेटिंग आधीपासून चालू नसेल तर जुना सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. म्हणून ‘झीरो डाउनटाइम’ हा शब्द मला जरा फुगवलेला वाटतो.

आता खरी गोम ऐका. १३व्या आवृत्तीतून डेटा असा हलवला की ओळी जातात, पण पुढचा नंबर देणारा काउंटर जात नाही! नव्या सर्व्हरवर पावती क्रमांक परत १ पासून सुरू होतो, तो नंबर आधीच वापरलेला असतो आणि पावती निघायचीच थांबते. बदली करण्याआधी तो काउंटर हाताने पुढे सरकवायचा. शिवाय कॉपी चालू असताना टेबलात नवा कॉलम घातला, तर तोही आपोआप पलीकडे जात नाही. त्यामुळे तेवढे दिवस टेबलांच्या रचनेला हात लावू नका.

बदलीचा क्षण मात्र छोटा असतो. ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर बसवलेला असेल तर त्याला ‘पॉज’ सांगायचं. हातातलं काम पूर्ण होतं, नवीन मागण्या रांगेत थांबतात. नवा सर्व्हर शेवटच्या नोंदीपर्यंत पोहोचला का ते बघायचं, पत्ता बदलायचा, ‘रिझ्यूम’. काट्यावरच्या पोराला गोल चक्र दोन-चार सेकंद जास्त फिरताना दिसतं, एरर दिसत नाही.

आणि परतीची वाट? ती रांग परत सोडण्याआधीच बांधायची. आता रोजकीर्द उलटी वाचायची, नव्याकडून जुन्याकडे. दुसऱ्या दिवशी नवा सर्व्हर रडायला लागला तर मागे जाता येतं आणि मधल्या पावत्याही हरवत नाहीत. बरेच जण इथेच आळस करतात.

सर्व्हर बदलला तरी आतला डेटाही कधी चालू असतानाच बदलावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पत्त्यात ‘अहमदनगर’ लिहिलेल्या लाखो ओळी एकाच कमांडमध्ये बदलायला गेलात, तर ती कमांड संपेपर्यंत त्या सगळ्या ओळी अडकतात. कुणाला आपला फोन नंबरही बदलता येत नाही. त्यापेक्षा हजार-हजार ओळींचे तुकडे करा. आणि गावोगावच्या फोनमध्ये तुमचं जुनं ॲप अजून आहेच, ते जुनंच नाव पाठवणार. म्हणून नव्या नावाला वेगळा कॉलम द्या, काही काळ दोन्ही नावं स्वीकारा आणि साठवताना जिल्ह्याचा कोड साठवा. जुना कॉलम कधी काढायचा? लॉगमध्ये त्याची विचारणा येणं बंद झालं की मगच.