कुत्रा आणण्यापूर्वी घरातल्या मांजरीला ओळखा

आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता. आमच्या कलमांच्या बागेत वानरांनी धुमाकूळ घातला होता, आणि आदल्या वर्षी एका रात्रीत कुणीतरी दोन-तीन झाडे उतरवून नेली होती. "या खेपेला राखणीला कुत्रा हवाच," माझे दीर म्हणाले. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. सासूबाईंनी एवढेच विचारले, "तो घरात येणार नाही ना?" "नाही अम्मी, बागेतच राहील," असे सांगून दिरांनी विषय संपवला.

बागेचा विचार झाला, घराच्या पाकीचा विचार झाला. पण या निर्णयाची सर्वांत जास्त झळ ज्या दोघींना बसणार होती, त्यांचा विचार कुणीच केला नाही. मीही नाही. त्या दोघी म्हणजे आमच्या मांजरी. एक शहजादी, पांढरीशुभ्र, लांब केसांची पर्शियन. माझ्या बहिणीने मुंबईहून आणून दिलेली. दुसरी चिंगी, पावसात पडवीत येऊन बसली आणि मग गेलीच नाही, अशी गावठी मांजर.

बागेतल्या खोपीचे काम व्हायचे होते, म्हणून वर्षभराचा शेरू पहिले काही दिवस अंगणातच बांधला. सगळ्यांचा अंदाज एकच होता. पर्शियन मांजर शांत असते, तिला काही होणार नाही. भांडण करील ती चिंगी.

झाले उलटेच. चिंगी पहिल्या दिवशी गडग्यावर बसून शेरूला न्याहाळत राहिली. दुसऱ्या दिवशी तो हुंगायला जवळ आला, तेव्हा ती पळाली नाही. जागेवरच उभी राहिली आणि त्याच्या नाकावर एक पंजा मारला. शेरू केकाटत मागे सरला आणि त्या दिवसापासून तिला वाट सोडून चालू लागला. शहजादी मात्र पहिले भुंकणे ऐकताच पलंगाखाली गेली, ती बाहेर आलीच नाही. दूध नाही, मासे नाहीत. "रुसली आहे, भूक लागली की येईल," असे म्हणत आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती मान टाकून पडली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी सांगितले ते मला तोवर ठाऊक नव्हते. माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो, मांजराला ते झेपत नाही. खाणे बंद झाले की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका अधिक. "तुम्ही दोन दिवस उशीर केलात," ते म्हणाले. पुढचा आठवडाभर सिरिंजने थोडे थोडे पातळ अन्न भरवावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, शहजादी वाचली. पण चूक तिची नव्हती, शेरूचीही नव्हती. आमची होती.

जात काय सांगते, काय सांगत नाही

बावीस वर्षे वर्गात काढल्यावर एक गोष्ट मला कळायला हवी होती. मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल शांत असतेच असे नाही. पुष्कळदा ते घाबरलेले असते. मांजराचेही तसेच आहे.

जातीवरून काही अंदाज येतो, हे खरे. पर्शियन मांजर धावपळीपेक्षा एका जागी बसणे पसंत करते. तिचे तोंड चपटे असल्यामुळे तिला श्वासाचा त्रास लवकर होतो, उकाडा सोसत नाही. कुत्रा मागे लागला तर झटकन उंच उडी मारून निसटणे तिला गावठी मांजरीइतके जमत नाही. सयामी मांजर बोलकी आणि माणसांना चिकटून राहणारी. तिचे लक्ष कुणी वाटून घेतले की ती घर डोक्यावर घेते. बंगाल जातीची मांजर चपळ आणि धीट, पण तिला खेळायला, चढायला भरपूर जागा लागते. आपली गावठी मांजर सहसा सावध आणि झाडा-कौलांवर तरबेज.

पण स्वभाव घडतो तो जातीइतकाच लहानपणी. मांजराचे पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असते, त्या काळात त्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. चिंगी वाडीतल्या कुत्र्यांमध्येच वाढली होती. शहजादीने फ्लॅटच्या बंद दारापलीकडचे जग पाहिलेच नव्हते. दोघींमधला खरा फरक हा होता.

म्हणून कुत्रा आणण्याआधी एक-दोन आठवडे आपल्या मांजरीकडे नीट पाहा. पाहुणे आले की ती पुढे येते की लपते? मिक्सर लावला, भांडे पडले, तर किती वेळात सावरते? खाण्याची जागा बदलली तर जेवते का? खिडकीतून कुत्रा दिसला तर बघत बसते की अंग फुगवते? तिचे वय किती, काही आजार आहे का? म्हातारी, आजारी किंवा पिल्ले असलेली मांजर असेल तर कुत्र्याचा विचार पुढे ढकललेला बरा.

कुत्राही ओळखा

कुत्र्याकुत्र्यातही फरक असतो. आपल्या महाराष्ट्रातला कारवानी कुत्रा हा शिकारीचा. पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे सुटणे हे त्याच्या रक्तातच आहे. जिच्या घरात मांजर पळते, तिने हे ध्यानात ठेवावे. लॅब्रेडॉर सहसा मनमिळाऊ असतो, पण त्याच्या वजनापुढे आणि दांडगाईच्या खेळापुढे मांजर भेदरते. मांजरांसोबत वाढलेला, बोलावले की थांबणारा कुत्रा सर्वांत चांगला, मग तो गावठी का असेना.

शिवाय दोघांची भाषा वेगळी. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा पुष्कळदा तो खूश असतो. मांजर शेपटी आपटते तेव्हा ती चिडलेली असते. कुत्रा पंजा उचलतो तो खेळायला बोलावण्यासाठी, मांजर पंजा उचलते तो मारण्यासाठी. निम्मी भांडणे या गैरसमजातूनच होतात.

ओळख हळूहळू

पहिले काही दिवस दोघांना एकमेकांचे दर्शनच नको. मांजरीला तिची एक खोली द्यावी. पाणी, खाणे, रेतीचा ट्रे तिथेच. कुत्र्याच्या अंथरुणावरचे फडके तिच्या खोलीत आणि तिचे फडके त्याच्याजवळ ठेवावे. डोळ्यांआधी नाकाची ओळख व्हावी. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण द्यावे. ती निवांत जेवू लागली, तर जाळीच्या दारातून लांबून भेट. त्यानंतरच कुत्रा पट्ट्यावर धरून एका खोलीत, तेही पाच-दहा मिनिटे.

मांजरीला पळायची वाट आणि चढायला उंच जागा नेहमी मोकळी असावी. तिला उचलून कुत्र्यासमोर धरू नये. मुलांना ही ताकीद द्यावीच, कारण घाबरलेली मांजर आधी मुलालाच ओरबाडते. याला दोन आठवडे लागतील, कधी दोन महिने. माणूस घरात नसताना दोघांना एकत्र सोडू नये.

काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका. मांजर दिवसभर जेवली नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका पुन्हापुन्हा रेतीत बसतो आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे जिवावर बेतते. दोन्ही जनावरांना रेबीजची लस वेळेवर द्या. कुत्रा किंवा मांजर, कुणीही चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. हळद, चुना लावत बसू नका.

दीन काय शिकवतो

आपल्या घरांत हा प्रश्न सोयीपुरता नाही. केवळ हौसेखातर कुत्रा पाळण्याबद्दल हदीसमध्ये ताकीद आहे. गुरे, शेती आणि शिकार यांसाठी मात्र सवलत आहे. सूरह माइदामध्ये शिकारीसाठी शिकवलेल्या जनावरांचा उल्लेख आहे, आणि सूरह कहफमध्ये गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचाही. कुत्र्याची लाळ लागलेले भांडे धुण्याच्या तपशिलात शाफई आणि हनफी मसलकांत फरक आहे. आपण ज्या मसलकाचे आहोत, त्याच्या आलिमांना विचारून घ्यावे.

मांजर मात्र घरात वावरणारी. तिने तोंड लावलेले पाणी नापाक ठरत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली आणि तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, हे दोन्ही किस्से आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शहजादी पलंगाखाली उपाशी पडली होती ते दिवस आठवले की पहिला किस्सा मला आजही अस्वस्थ करतो. दार आम्ही बंद केले नव्हते. पण भीतीने तिला कोंडले होते, आणि ती भीती आम्ही घरात आणली होती.

आता शेरू बागेत असतो. त्याला खोपी आहे, पावसाळ्यासाठी पत्र्याची पडवी आहे, दोन वेळचे जेवण आहे. राखण तो चोख करतो. चिंगी मनात येईल तेव्हा बागेत जाते आणि त्याच्यापासून दहा हातांवर उन्हात झोपते. शहजादी घरातच असते. संध्याकाळी दीर शेरूला पट्ट्यावर धरून अंगणापर्यंत आणतात, तेव्हा ती जाळीच्या खिडकीत बसून त्याला बघते. इतक्या महिन्यांत ती त्याच्याजवळ गेलेली नाही, आणि आम्हीही तिला नेलेले नाही. मगरिबची अजान झाली की शेरू बागेकडे परततो आणि शहजादी आपल्या ताटलीकडे येते. ती जेवली की नाही, हे सासूबाई रोज स्वतः पाहतात.