‘ही बॅग कोणी भरली?’

मैत्रिणींनो, चर्चच्या मंडळींबरोबर इस्राएलच्या यात्रेला निघालात, तर एक ऐका. यजमानांची बॅग त्यांची त्यांनाच भरू द्या!

गालीलातल्या काना गावी येशूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला. यात्रेकरू जोडपी तिथल्या चर्चमध्ये लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात. आम्हीही तिसाव्या वर्षी घेतल्या. ह्यांचा आवाज अगदी भरून आला होता.

पुढे यार्देन नदी झाली, मृत समुद्र झाला, यरुशलेम झाले. परतताना विमानतळावर तपासणीच्या मुलीने ह्यांना विचारले, “ही बॅग तुम्हीच भरलीत ना?”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “हिनं भरली. नेहमी हीच भरते.”

झाले! आत काय आहे, ते एकही ह्यांना सांगता येईना. सगळी बॅग उपसली. विमान चुकते की काय, म्हणून माझे हातपाय गार! तेव्हा तिथे तीन तास तरी आधी पोचा, आणि यार्देनच्या पाण्याची बाटली घट्ट बांधून मोठ्या सामानातच ठेवा.

परवा हे पुण्याला गेले. बॅग स्वतः भरली. रुमाल विसरले, मी पाहिले, पण बोलले नाही. शपथ दोघांनी घेतली होती ना!