जुन्या कर्ण्यांचा जीर्णोद्धार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव समर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. समर्थांचा जन्म इसवी सन १६०८ मध्यें रामनवमीच्या दिवशीं झाला. म्हणून रामनवमीच्या उत्सवास या गांवीं विशेष महत्त्व. अशा कोणत्याहि उत्सवांत कीर्तनकार उभा राहिला म्हणजे मंडपाच्या शेवटच्या रांगेस त्याचा आवाज ऐकूं येतो कीं नाहीं, हा प्रश्न आतां उरलेला नाहीं; आवाज शेजारच्या शिवारापर्यंत जातो. उरलेला प्रश्न निराळा आहे. त्या आवाजांतील शब्द कळतो काय? कीर्तनकार 'शाल' म्हणाला कीं 'साल', 'शर' म्हणाला कीं 'सर', हें दूर बसलेल्या वृद्धास उमगतें काय? पुष्कळदां तें उमगत नाहीं. आणि दोष कीर्तनकाराच्या वाणीचा नसून कर्ण्याच्या पोटांतील किंवा त्याच्या तारेंतील एखाद्या जीर्ण भागाचा असतो. हे भाग कोणते, ते जीर्ण कसे होतात, आणि ते बदलतांना कोणती मर्यादा पाळावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

कर्ण्याचें तत्त्व शिंग व तुतारी फुंकणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नुसत्या ओठांच्या कंपानें हवा फारशी हालत नाहीं. परंतु तोच कंप निमुळत्या तोंडांतून शिरून हळूहळू रुंदावणाऱ्या नळींतून बाहेर पडला कीं दूरवर पोहोंचतो. लाऊडस्पीकरांत ओठांच्या जागीं एक पातळ पडदा असतो, आणि त्यास चिकटविलेलें बारीक तारेचें वेटोळें लोहचुंबकाच्या फटींत हालतें. चुंबक, वेटोळें व पडदा मिळून जो भाग होतो त्यास कारागीर 'युनिट' म्हणतात. साध्या, उघड्या लाऊडस्पीकरांत दिलेल्या विजेपैकीं शेंकडा एकदोन भागांचाच ध्वनि होतो. कर्णा जोडला म्हणजे हें प्रमाण शेंकडा दहाच्याहि वर जाऊं शकतें.

बोलपटांच्या आरंभीं या गुणाचें मोल फार होतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या वेंटे व थुरास या संशोधकांनीं १९२६ च्या सुमारास कर्ण्याकरितां एक उत्तम युनिट सिद्ध केलें. ता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' लागला, आणि १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या काळच्या ध्वनिवर्धक यंत्रांची शक्ति आजच्या मानानें अगदीं अल्प असे; तरीहि पडद्यामागें ठेवलेल्या कर्ण्यांच्या बळावर मोठमोठीं सभागृहें भरून जात. पुढें १९३६ मध्यें मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनींत डग्लस शिअरर यांच्या देखरेखीखालीं दुहेरी कर्णा तयार झाला, आणि १९४५ मध्यें आल्टेक लान्सिंग कंपनीचे 'व्हॉइस ऑफ द थिएटर' हे प्रसिद्ध लाऊडस्पीकर निघाले. एकपडदा चित्रपटगृहें बंद पडूं लागल्यापासून आणि जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या टॉकीजचे दिवस सरत आल्यापासून, अशा जातीचे जुने कर्णे जुन्या बाजारांतून हौशी माणसांच्या हातीं येऊं लागले आहेत.

'दुहेरी' या शब्दाचा अर्थ असा. पखवाजाच्या खर्ज नादाची लहर कित्येक हात लांब असते. तिच्यासाठीं मोठा कर्णा व जाड पडदा लागतो. टाळांची किणकिण किंवा 'स', 'श', 'च' यांसारखीं व्यंजनें जलद कंपांचीं असतात. त्यांसाठीं लहान कर्णा व अगदीं हलका पडदा हवा. दोन्ही कामें एकाच पडद्याकडून नीट होत नाहींत. म्हणून खर्जास एक युनिट व तारस्वरास दुसरें अशी योजना करून, येणाऱ्या विजेची दोन वाटांनीं विभागणी करणारा एक नाका मध्यें बसवितात. या नाक्यास 'क्रॉसओव्हर' म्हणतात. त्यांत मुख्यतः दोनच वस्तु असतात: तारेची कॉइल आणि कंडेन्सर, ज्यास आतां कपॅसिटर म्हणतात. कॉइल मंद कंप सोडते व जलद कंप अडविते. कंडेन्सर नेमकें उलट करतो. यामुळें तारस्वराच्या नाजूक पडद्यावर खर्जाचे धक्के येत नाहींत. कंडेन्सर हा अशा रीतीनें नुसता वांटप करणारा नसून त्या पडद्याचा राखणदारहि आहे.

येथें थोडें गणित अवश्य आहे. विजेच्या वाटेंतील अडथळा, म्हणजे रोध, ओहम या मापानें मोजतात, आणि कंडेन्सरची धारणशक्ति मायक्रोफॅरड या मापानें. जुन्या चित्रपटगृहांतील पुष्कळ युनिटें १६ ओहमचीं असत. अशा युनिटास अगदीं साध्या पद्धतीनें दर सेकंदास ५०० कंपांपासून वरचा भाग द्यावयाचा असेल, तर सुमारें २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. आतां तोच कंडेन्सर कालांतरानें १५ मायक्रोफॅरडवर उतरला, तर विभागणीची सीमा ५०० वरून सुमारें ६६० वर सरकते; मधला भाग दुबळा होतो आणि गाणाराचा आवाज पोकळ वाटूं लागतो. उलटपक्षीं, कोणी 'मोठा तो चांगला' अशा समजुतीनें ३० मायक्रोफॅरडचा बसविला, तर सीमा ३३० पर्यंत खालीं येते, आणि जे धक्के त्या पातळ पडद्यास झेपत नाहींत ते त्याच्यावर आदळूं लागतात. जुन्या कारखान्यांचे पडदे आतां सहजीं मिळत नाहींत. एका चुकीच्या कंडेन्सरापायीं सत्तर-ऐंशीं वर्षे टिकलेला आवाज एका संध्याकाळींच कायमचा मुका होऊं शकतो.

कंडेन्सर जीर्ण होतात ते त्यांच्या घडणीमुळें. कांहींत धातूच्या पत्र्यांमध्यें ओलसर रासायनिक द्रव असतो. यांस इलेक्ट्रोलिटिक म्हणतात. उन्हाळ्याच्या उष्णतेनें हा द्रव हळूहळू आटतो, धारणशक्ति घटते व आंतील रोध वाढतो. कांहीं जुन्या कंडेन्सरांत मेण किंवा तेल पाजलेला कागद असतो. त्यांत पावसाळ्याची दमट हवा शिरली कीं वीज पाझरूं लागते. कंडेन्सर तपासावयाचा असल्यास त्याचें एक टोंक मोकळें करून धारणशक्ति मोजण्याच्या मीटरवर पाहावें, आणि उजव्या व डाव्या अशा दोन्ही लाऊडस्पीकरांचे आंकडे ताडून पाहावे. जो कंडेन्सर आपल्या लिखित मापाजवळ आहे व पाझरत नाहीं, तो केवळ जुना म्हणून फेकूं नये. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जुन्या तेलकट कंडेन्सरांपैकीं कांहींत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल नांवाचें विषारी तेल असूं शकतें. म्हणून ते फोडूं नयेत, जाळूं नयेत, व गळत असल्यास उघड्या हातांनीं धरूं नयेत.

बदलावयाचाच झाला तर नवा कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, विशेषतः पॉलिप्रोपिलीनचा, घ्यावा. तो आटत नाहीं, आणि त्याचें माप बहुधा शेंकडा पांचाहून अधिक चुकत नाहीं. माप जुन्याचेंच, म्हणजे त्यावर मूळ छापलेलें असावें. दाब सोसण्याची शक्ति मुळाइतकी किंवा अधिक असावी. नवा आकारानें मोठा असतो, म्हणून तो पट्टीनें घट्ट बांधावा, नाहींतर खर्जाच्या कंपानें त्याचे पाय तुटतात. जुन्या कंडेन्सरांत थोडा आंतरिक रोध असे, व कित्येक रचनाकारांनीं तो हिशोबांत धरलेला असे. नव्यांत तो जवळजवळ नसल्यानें तारस्वर किंचित् तिखट लागल्यास, एक ओहमहून कमी असा छोटा रोधक त्याच्या ओळींत घालून मूळची गोडी परत आणतां येते. चांदीच्या पत्र्याचे व हजारों रुपये किंमतीचे कंडेन्सर बाजारांत मिळतात. परंतु मापानें सारख्या अशा दोन चांगल्या कंडेन्सरांतील भेद असला तरी फारच सूक्ष्म असतो. कॉइल ही तांब्याची तार असल्यानें सहसा बिघडत नाहीं. तिला हात लावूं नये.

तारेचा विचारहि याच न्यायानें करावा. जुन्या तारांवरील रबर व सुती वेष्टण कालांतरानें कडक होऊन तडकतें, तांबें हिरवें पडतें आणि डाख सुटतात. अशी तार निश्चित बदलावी. परंतु पेटीच्या आंत फूटभर तांब्याच्या तारेचा रोध अवघा अर्ध्या शतांश ओहमच्या आसपास असतो. तेथें महाग तार घालून कांहीं साधत नाहीं. अंतर वाढलें म्हणजे गोष्ट निराळी. वीस मीटर अंतरावर जाऊन परत येणारी, म्हणजे एकूण चाळीस मीटरची, एक चौरस मिलिमीटर जाडीची तार सुमारें ०.७ ओहम रोध करते. १६ ओहमच्या लाऊडस्पीकरांत त्यामुळें दाबाची तूट शेंकडा चार होते, तर ४ ओहमच्या लाऊडस्पीकरांत ती शेंकडा पंधरावर जाते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली कीं हीच तूट निम्म्याहूनहि कमी होते. सारांश, तारेची जाडी पाहावी, नांव पाहूं नये.

तारा सोडण्यापूर्वीं प्रत्येक टोंकास खूण करावी व जोडणीचें चित्र कागदावर काढून ठेवावें. दोन युनिटांपैकीं एकाची तार उलटी लागली, तर सीमेजवळ एक पडदा पुढें येत असतां दुसरा मागें जातो, आणि नेमके माणसाच्या बोलण्यांतले स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. कांहीं क्रॉसओव्हरांत तारस्वराचें युनिट मुद्दामच उलटें जोडलेलें असतें, व कांहीं जुन्या कारखान्यांची खुणांची रीतहि निराळी होती. म्हणून जशी जोडणी होती तशीच परत करावी. चुंबक उघडून साफ करण्याचा मोह टाळावा. जुन्या अल्निको धातूचा चुंबक सुटा केला असतां त्याचें बळ घटतें. अगदीं जुन्या युनिटांत चुंबकाच्या जागीं विजेनें भारलेली मोठी कॉइल असते. तिच्या तारांत प्राणघातक दाब असूं शकतो, म्हणून तें काम जाणत्याखेरीज कोणीं करूं नये.

मंडपाच्या खांबावर बांधतात त्या साध्या कर्ण्यांत बहुधा क्रॉसओव्हर नसतो. तेथें शंभर व्होल्टच्या दाबानें वीज दूर नेऊन प्रत्येक कर्ण्याजवळच्या लहान ट्रान्सफॉर्मरनें ती उतरवितात. दाब अधिक असल्यानें प्रवाह कमी लागतो व लांब तारेंत तूट अल्प होते. अशा कर्ण्यांत दोष सांपडतात ते गंजलेल्या स्क्रूंत, हातानें पिळून सोडलेल्या जोडांत, पाणी शिरलेल्या ट्रान्सफॉर्मरांत, आणि कित्येकदां कर्ण्याच्या घशांत कुंभारीण माशीनें बांधलेल्या मातीच्या घरांत! रामनवमीच्या आधीं आठ दिवस शिडी लावून एवढें पाहिलें, तरी नव्या कर्ण्याचा खर्च वांचतो.

आवाज अस्पष्ट झाला कीं यंत्राची कळ आणखी फिरविण्याची रीत सर्वत्र पडली आहे. तिनें गोंगाट वाढतो, शब्द वाढत नाहीं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावण्यास सामान्यतः मनाई केली आहे. ज्या कर्ण्याचा कंडेन्सर मापांत आहे, जोड घट्ट आहेत व तार पुरेशी जाड आहे, त्यास मोठ्यानें ओरडावें लागत नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार करतांना ढासळलेला चिरा बदलतात, मूर्ति बदलीत नाहींत. कर्ण्याच्या बाबतींतहि जीर्ण तेवढें बदलावें, मूळ माप राखावें, आणि जें अद्याप धड आहे तें तसेंच ठेवावें. म्हणजे शेवटच्या रांगेंतल्या वृद्धास 'शाल' ही शालच ऐकूं येईल.