स्तन राखूनही कर्करोगाची शस्त्रक्रिया

श्रीरामपूर, संगमनेर किंवा जामखेडच्या बाजारपेठेतील घरांत स्तनाच्या गाठीचे निदान झाले की निर्णय बहुधा पेढीवरची वडीलमंडळी घेतात: ‘सगळे काढून टाका, पुन्हा काळजी नको.’ त्यामागे माया असते. शास्त्राचा आधार असतोच असे नाही.

मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांचा अभ्यास केला. सर्वांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. काहींचा पूर्ण स्तन काढला. काहींच्या स्तनाचा केवळ गाठीचा चतुर्थांश भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांतील आयुर्मानात फरक आढळला नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी तर गाठ व भोवतालची निरोगी कडा एवढेच काढले. तेथेही आयुर्मान तेच राहिले. मात्र किरणोपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग परतला, घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांच्या.

गाठ लहान असेल तर फिशर यांची पद्धत सर्वांत साधी. चतुर्थांश काढल्यास आकार अधिक बिघडतो. गाठ मोठी असताना उपयोगी पडते ती ऑन्कोप्लास्टी: उरलेल्या ऊतींची फेरमांडणी करून किंवा पाठीचा स्नायू आणून पोकळी भरली जाते. तिला वेळ अधिक लागतो, व्रण वाढतात, आणि तपासणीत कडेला रोग सापडला तर मूळ जागा पुन्हा शोधणे अवघड जाते. काही रुग्णांत आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येते. रोग स्तनभर पसरला असेल किंवा छातीला पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर पूर्ण स्तन काढणेच बहुधा योग्य.

खरी अडचण पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतरची असते. किरणोपचार पूर्वी पाच-सहा आठवडे चालत; आता अनेकींना तीन आठवड्यांत पंधरा वेळा पुरतात. तरी परगावी मुक्काम, दुकान, मुलांच्या परीक्षा हे सारे आलेच. ही सोय होणार नसेल तर ते शल्यविशारदांना आधीच सांगावे. अर्धवट सोडलेले किरणोपचार धोक्याचे. चातुर्मासातील उपवासांचा बेतही डॉक्टरांपासून लपवू नये, विशेषतः केमोथेरपी चालू असताना.

आणि त्या भेटीत आत जाऊन बसावे ते रुग्ण भगिनीने स्वतः. कडा किती ठेवणार, काखेतील सर्व गाठी काढणार की पहिल्याच तपासणार, हे तिनेच विचारावे. दीर-सासऱ्यांसमोर हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तेव्हा त्यांनी बाहेर थांबावे.