सागवान करडा का पडतो?

अंगणातला सागवानी बाक दोन-तीन पावसाळ्यांत करडा पडला, की लाकूड कुजलं असं समजून अनेक जण तो मोडीत काढतात. ही घाई चुकीची आहे. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं, पावसात धुऊन जातं आणि मागे सेल्युलोजचा करडा थर उरतो. त्याची जाडी मिलिमीटरहूनही कमी असते. आतला गाभा शाबूत असतो, कारण त्यातलं नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवी-बुरशीला सहसा थारा देत नाहीत. (कडेच्या पांढरट लाकडाला हे संरक्षण नसतं. विकत घेताना तेवढं पाहाच.)

साफसफाईला मऊ ब्रश, सौम्य साबण आणि पाणी पुरतं. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र नको, त्यानं मऊ तंतू निघून जातात आणि खरखरीत उंचवटे राहतात. लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणानं फिके होतात. ते विषारी असल्यानं हातमोजे आणि चष्मा हवाच. मग भरपूर पाण्यानं धुवा. बाक पूर्ण सुकल्यावर रेषांच्या दिशेनं आधी १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा.

तेल लावणं माझ्या मते गरजेचं नाही. कोकणासारख्या दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशी धरते. तरी लावलंच, तर तेलानं भिजलेली फडकी बोळा करून ठेवू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती उघड्यावर सुटी पसरून वाळवा.